वहिनी, तुमचं आमेन राहिलं

वहिनी,

गुरुवारी संध्याकाळी दादाने मला घरी बोलावून घेतलं, तुमच्या खुर्चीसमोर बसवलं आणि म्हणाला, "रविवारी तिच्या आठवणीची प्रार्थना ठेवलीय. तू प्रार्थना कर."

यात विचारायचं काय, असं मला वाटलं. आपल्या चर्चच्या मंडळीत लग्न असो, नामकरण असो, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन असो, प्रार्थना कुणी करायची म्हटलं की माना माझ्याकडे वळतात. पाळकसाहेबांनी नाव घ्यायच्या आत मी उभा असतो, हे तुमचंच वाक्य. पण देवाने आवाज दिला आहे आणि तो मी कधी झाकून ठेवला नाही, त्याला काय करणार? दर नाताळच्या नाटकात मी हेरोद राजा होऊन गर्जना करतो तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मांडीवर चढतात. तर दादा बोलत होता तेवढ्यातच माझी मनात जुळवाजुळव सुरू झाली होती. 'हे अनंतकाळच्या स्वामी, जीवन आणि मरण ज्याच्या मुठीत आहे...' इथवर मी पोचलो होतो.

"आणि ऐक," दादा म्हणाला, "तुझ्यासारखी नको. तिच्यासारखी कर."

तुम्ही असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात. बँडवाल्याला वरातीत बोलवावं आणि सांगावं, आज वाजवू नकोस, तसं झालं हे.

"वहिनींसारखी म्हणजे कशी रे?" मी विचारलं.

"ते तुला माहीत नाही?" एवढं बोलून त्याने टीव्ही लावला. आवाज बंद करून. तुम्ही गेल्यापासून तो टीव्ही असाच बघतो.

मला माहीत होतं, हीच तर पंचाईत होती.

लग्न होऊन तुम्ही जालन्याकडून पनवेलला आलात, त्याच आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वतःला मोठा नट समजत होतो. आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साखळी प्रार्थना असायची. गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एकानंतर एकाने मोठ्याने प्रार्थना करायची. आप्पांनी सुरुवात करायची, आईने आजारी माणसांची नावं घ्यायची, मी माझ्या आवाजाचा नमुना दाखवायचा. दादा तेवढा पाळी आली की शेजारच्याला कोपर मारून पुढे ढकलायचा. आयुष्यात त्याने मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. न्हावा शेवा बंदरात कंटेनरांच्या गर्दीत दिवसभर ओरडणारा माणूस, पण घरात देवासमोर तोंडाला कुलूप.

तुमची पाळी आली. नवी नवरी, सासू-सासरे समोर, काहीतरी ठरलेलं पुटपुटेल असं सगळ्यांना वाटलं. आणि तुम्ही, जणू समोरच्या पाटावर कुणी बसलंय, अशा आवाजात बोलायला लागलात.

"देवा, मी इथे नवीन आहे. इथे घाम फार येतो. मला घरची आठवण येते. ते बोंबील मला साफ करता येत नाहीत, हातातून सुळकन निसटतात, आणि सासूबाईंना विचारायची भीती वाटते. तेवढं बघ. आणि दुसरं म्हणजे..."

इथे तुम्ही नाक वर करून वास घेतलात. मला हे माहीत आहे, कारण मी डोळे उघडले होते.

"देवा, एक मिनिट थांब. दूध उतू जातंय."

तुम्ही धावत आत गेलात. आप्पा, आई, दादा, सगळे डोळे मिटून बसलेले. डोळे उघडावेत की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण असा प्रसंग आपल्या घराण्यात आलाच नव्हता. तुम्ही परत आलात, मांडी घातलीत. "हां, तर काय म्हणत होते मी... ते असो. तू आहेस ना, मग झालं." आणि उठलात. "चहा टाकते."

आम्ही सगळे आमेनची वाट बघत तसेच. आप्पांच्या भुवया वर जायला लागल्या होत्या. तेवढ्यात, प्रार्थनेत कधी शब्द न बोललेला माझा भाऊ खणखणीत म्हणाला, "आमेन."

तुमचा संसार त्या दिवशी सुरू झाला असं मी समजतो. तुम्ही बोलायचं आणि दादाने आमेन म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विळी मांडली, तुम्हाला शेजारी बसवलं आणि बोंबील कसे धरायचे ते दाखवलं. एवढ्या झटपट उत्तर आलेली प्रार्थना मी पाहिली नव्हती. "वहिनी, तुमचं देवाने नाही, आईने ऐकलं," मी चिडवलं. तुम्ही हात धूत म्हणालात, "मग? आईंना कान कुणी दिले?"

तेव्हापासून आपला वाद सुरू झाला तो संपलाच नाही. माझं म्हणणं, प्रार्थनेला काही घाट हवा. सुरुवात हवी, चढण हवी, आणि शेवटी आमेन हवं. पडदा पडल्याशिवाय नाटक संपलं हे लोकांना कसं कळणार? तुमचं म्हणणं, नाटक कुठंय?

"तुम्ही देवाला त्याचीच नावं किती वेळ सांगता हो भाऊजी? सर्वसमर्थ, सर्वज्ञ, कृपासागर. त्याला माहीत नाही का तो कोण आहे ते?"

"वहिनी, तो आदर असतो."

"मी ह्यांना रोज उठल्यावर 'हे अमुक अमुक यांचे ज्येष्ठ चिरंजीव' अशी हाक मारू? चहा गार होईल."

"आणि आमेन? ते का नाही म्हणत?"

"अजून बोलणं कुठे संपलंय?"

खरंच संपायचं नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, उरण नाक्यावरून पिशवी घेऊन येताना तुमचं चालूच. सोसायटीतल्या नव्या बिऱ्हाडाला वाटायचं, बाई कानात काहीतरी घालून फोनवर बोलतात. विमानतळ सुरू झाल्यापासून नवीनच थाट झाला. बोलता बोलता डोक्यावरून विमान गेलं की तुम्ही बोट वर करायचात आणि देवाला सांगायचात, "जाऊ दे त्याला, मग बोलू."

माझ्या लग्नाच्या वेळचं तर मी नीताला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मंडळीच्या बायकांच्या प्रार्थनासभेत, पाळकसाहेबांच्या सौभाग्यवती समोर असताना तुम्ही म्हणालात, "देवा, माझ्या दिराला बायको दे. चांगला आहे तो, फक्त बोलतो फार आणि घोरतो. हे तिला आधी कळू दे, नंतर तिची फसवणूक नको." पनवेलमधल्या सगळ्या उपवर मुलींच्या आया त्या खोलीत होत्या! मी महिनाभर तुमच्याशी धड बोललो नाही. नीताची आई तिथेच होती. पुढे ती म्हणाली, ज्या घरात सून दिराचं खरं सांगते, त्या घरात मुलगी द्यायला हरकत नाही.

मासळीवाल्या कमळाबाईंच्या गुडघ्याचंही तसंच. त्या दारात पाटी उतरवायच्या, तुम्ही पापलेट दाबून बघायचात आणि त्याच ओल्या हाताने त्यांच्या गुडघ्याला धरून म्हणायचात, "देवा, हिचा गुडघा बघ बाबा, जिने चढते ही." कमळाबाई सांगायच्या, "वैनी, आमच्या देवी आईला पन सांगलंय मी." तुम्ही म्हणायचात, "सांग की. पण मी माझ्याला सांगणारच." गुडघा काही बरा झाला नाही. तुमचं विचारणंही थांबलं नाही.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगत आलो. लोक हसायचे, तुम्हीही हसायचात. एक गोष्ट मात्र मी कधी रंगवली नाही.

तुमची छोटी जन्माला आली आणि काही दिवसांतच गेली. घरात प्रार्थना झाली. थोरले पाळक आले होते. त्यांनी चांगले शब्द वापरले, आप्पांनी वापरले, मीही वापरले. मग तुम्ही तोंड उघडलंत.

"देवा, मी तुझ्याशी बोलत नाहीये. तेवढंच सांगायचं होतं."

त्या दिवशी दादाने आमेन म्हटलं नाही.

थोरले पाळक हळूच म्हणाले, "बाई, देवाशी असं बोलू नये." तुम्ही त्यांच्याकडे बघून विचारलंत, "मग कसं बोलू? मनात एक आणि तोंडात एक? ते त्याला चालेल?" त्यांनी मान खाली घातली. ते भले गृहस्थ होते, जाताना तुमच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

त्यानंतर कित्येक महिने तुम्ही दर रविवारी उपासनेला यायचात, बाकावर बसायचात, गीत लागलं की पुस्तक उघडायचात आणि ओठ मिटून उभ्या राहायचात. मी एकदा न राहवून विचारलं, "वहिनी, बोलायचंच नाही तर येता कशाला?"

"अबोला धरलाय भाऊजी. घर सोडलेलं नाही."

हे वाक्य मी नंतर किती ठिकाणी वापरलं असेन! दर वेळी तुमचं नाव सांगून, तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे.

तो अबोला सुटला कसा, तर मांजरामुळे. तुम्ही विळीवर मासे साफ करत होता, मांजराने खिडकीतून उडी मारली आणि सगळ्यात मोठा बांगडा उचलला. "देवा, बघ बघ, नेला!" तुम्ही ओरडलात. आणि मग तशाच विळीसमोर बसून राहिलात. मी धावत आलो तेव्हा तुम्ही रडत होता आणि हसतही होता. मला वाटलं बोट कापलं.

"भाऊजी, तो इथेच होता की हो," तुम्ही म्हणालात. "अबोला माझा होता. त्याने कुठे धरला होता? इथेच बसून होता आपला."

त्यानंतर तुमचं बोलणं बदललं. वरवर तेच, गॅस संपला, पाणी आलं नाही, दादाचा रक्तदाब, माझी नोकरी. पण मी आवाजाचा माणूस आहे, मला फरक कळला. एकदा तुम्ही स्वतःच सांगितलंत, लसूण सोलता सोलता. "आधी मी नुसतं दे दे म्हणायचे. आता पण दे म्हणते, का नाही म्हणायचं? पण पुढे सांगते, नाही दिलंस तर इथेच बस. उठून जाऊ नकोस." एवढी वर्षं उपदेश ऐकले मी वहिनी, विश्वासात वाढणं म्हणजे काय यावर. लसणाचा वास असलेला तो एकच डोक्यात राहिला.

आणि मग हे आजारपण. इस्पितळातून घरी आणल्यावर तुम्ही खिडकीजवळच्या पलंगावर होता. आवाज बारीक झाला होता, पण खोडी गेली नव्हती. "भाऊजी, करा प्रार्थना. तुमचा आवाज ऐकून बरं वाटतं, पलीकडच्या बिल्डिंगलाही." मी केली. चांगली केली. शेवटी म्हटलं, हे स्वामी, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

तुम्ही डोळे उघडलेत. "पळवाट ठेवलीत."

"काय?"

"त्याच्यासाठी पळवाट. तुम्ही मागितलंच नाही काही. तुम्हाला काय पाहिजे?"

"त्याला माहीत आहे."

"मग सांगायला काय जातंय?"

मी शास्त्राचा आधार काढला. म्हटलं, वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनेही सगळं बापाच्या मर्जीवर सोडलं होतं. आता वहिनी निरुत्तर, असं मला वाटलं. तुम्ही उशीवरच मान हलवलीत.

"सोडलं. पण आधी हे नको म्हणून तोंडाने सांगितलं ना त्याने? घाम फुटेस्तोवर सांगितलं. तुम्ही पुढचं अर्धं तेवढं घेता, आधीचं गाळता. भीती वाटते का हो, तो नाही म्हणेल म्हणून?"

तेवढ्यात दादा औषध घेऊन आत आला आणि आपला वाद तिथे तुटला. तो तसाच राहिला. त्यानंतर तुम्ही फार बोलला नाहीत, निदान आमच्याशी नाही. ओठ हलायचे. शेवटच्या दुपारीही हलत होते. दादा हात धरून बसला होता, आमेन म्हणायला तयार, आणि ओठ हलता हलता थांबले. आमेन कुठे म्हणायचं ते त्याला कळलं नाही. तो अजून आमेन म्हणालेला नाही, वहिनी. दफनाच्या वेळी अख्खी मंडळी म्हणाली, तो नाही. मी शेजारी उभा होतो.

म्हणून दादाने मला जे काम दिलं होतं ते भाषणबाजीचं नव्हतं. तुमच्यासारखी कर म्हणजे ते आधीचं अर्धं बोल. हे मला गुरुवारीच कळलं होतं.

काल, रविवारी, दादाच्या घरचा हॉल भरला. नवे पाळकसाहेब आले, तरुण आहेत, डोळे अगदी घट्ट मिटतात. कमळाबाई आल्या आणि दारातच खुर्ची मागून बसल्या. "मी हितंच बरी. माजा ढोपर काय बरा झाला नाय. पन रोज इचारनारी गेली ना." नीताने चहाचं दूध गॅसवर ठेवलं आणि येऊन माझ्या बाजूला बसली. गीत झालं. मी उभा राहिलो.

"हे अनंत..." सवयीने सुटलंच तोंडातून. दादा खोकला. त्याला खोकला नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी खाली बसलो. उभ्याने ते जमणार नव्हतं.

"देवा," मी म्हटलं. पुढे काही येईना. वरून विमान गेलं. मी थांबलो, ते जाऊ दिलं. मग माझा आवाज मलाच परका वाटेल इतका लहान झाला.

"देवा, मला वहिनी परत पाहिजेत."

कुणीतरी श्वास आत घेतला.

"तू देणार नाहीस, मला माहीत आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी भेट होईल हेही माहीत आहे, ते मी लोकांच्या अंत्यविधीत ठणकावून सांगत आलोय. पण मला त्या आज पाहिजेत. आज रविवार आहे आणि मी प्रार्थना करतोय आणि मला हसणारं कुणी नाही. त्यांनी विचारलं होतं भीती वाटते का म्हणून. वाटत होती. अजून वाटते. आणि मला..."

करपलेला वास आला. नीताने माझा हात दाबला.

"देवा, एक मिनिट थांब," मी म्हणालो आणि आत धावलो.

हे मी ठरवून केलं नाही, वहिनी. माझ्या आयुष्यातली इतकी उत्तम एन्ट्री आणि एक्झिट मी कधी ठरवून घेतलेली नाही. गॅस बंद केला. दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं. पुसायला फडकं घेतलं तर ते तुमच्या त्या निळ्या सुती साडीचं. मी ते हातात धरून उभा राहिलो. परत बाहेर जायला पाय निघेना. बाहेर सगळे डोळे मिटून बसलेले असणार, पाळकसाहेब तर नक्कीच.

आणि बाहेरून एक आवाज आला. क्षणभर मला तो ओळखू आला नाही, कारण तो मी या कामात कधी ऐकलाच नव्हता.

"देवा, तो आत गेलाय. तो येईस्तोवर मी बोलतो."

दादा.

"मला हे जमत नाही. ती बोलायची, मी आमेन म्हणायचो. तेवढंच काम होतं मला." मग त्याने विचारलं, "ती पोचली ना नीट? तिला नवीन जागी झोप लागत नाही. पनवेलला आली तेव्हाही लागत नव्हती. लक्ष ठेव." लगेच पुढे, "आणि छोटी तिला भेटली का, ते मला सांग. कसं सांगशील मला माहीत नाही. पण सांग. मी तेव्हा तुझ्यावर रागावलो होतो. तिने सांगून टाकलं, मी सांगितलं नव्हतं. आता सांगतो. खूप रागावलो होतो."

दादा घसा खाकरून पुढे म्हणाला,

"बाकी काय. आता मी एकटा असतो. तू इथेच बस. उठून जाऊ नकोस."

वहिनी, त्याने तुमचं लसूण सोलतानाचं बोलणं ऐकलं होतं. टीव्हीसमोर बसून. आम्हाला वाटायचं तो बातम्या बघतोय.

सगळे आमेनची वाट बघत होते. आणि दादा, ज्याने तुमच्यासाठी आयुष्यभर ते म्हटलं, तो स्वतःसाठी म्हणेना. मीही आतून म्हणालो नाही. ते माझं काम नाही असं वाटलं.

"बाळ्या," दादा मोठ्याने म्हणाला, "दूध उरलंय का काही? चहा आण."

कमळाबाई दारातून म्हणाल्या, "मना बिनसाखरंचा."

मी ट्रे घेऊन बाहेर आलो तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले होते आणि बहुतेकांचे ओले होते. पाळकसाहेब तेवढे अजून घट्ट मिटून बसलेले, बिचारे. मी कप त्यांच्या नाकाशी धरला. "साहेब, उघडा. झालं नाही अजून, पण चहा गार होईल."

दादाने कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दूध करपलेलं होतं. तरी त्याने तो सगळा प्यायला. रात्री जेवताना त्याने टीव्ही लावला, आणि आवाजही लावला.

आपला वाद मी हरलो, असं मी लिहून देणार नाही. हेरोद हरल्याचं स्वतः सांगत नसतो. पण शेवटी काय म्हणायची पद्धत आहे ते मला ठाऊक आहे, आणि आज मी ते म्हणत नाही. तिकडे तुमचं बोलणं रंगात आलं असेल, समोरासमोर, मध्ये उठायला नको, कुणाची हाक नाही. दुधाकडे मी बघतो, वहिनी. तुमचं चालू द्या.